करड्या फळ्यांखालचे सागवान

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीचे पाणी माडांना पाजणारे पंप तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नाही. माझ्या पोटात तीन दट्टे आहेत. ते एकामागून एक पाणी दाबत राहतात. मग ते पाणी जाड रबरी नळीतून पितळी तोटीपर्यंत जाते आणि तिथून असे सुटते की चाकाला वाळून बसलेला चिखलही पटकन गळून पडावा. एके काळी माझा रंग लाल होता. आता लाल कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

१९७४ साली पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. रत्नागिरीत मी आलो तो ट्रकवर बसून, आणि मला काम मिळाले तेही ट्रक धुण्याचेच. शहराबाहेर कोल्हापूरच्या रस्त्याला एक सर्व्हिस स्टेशन होते. आंबा घाट उतरून आलेल्या गाड्या तिथे तांबड्या मातीने माखून उभ्या राहत. मी त्यांच्या पोटाखाली पाण्याचा मारा करी. मालक खुर्चीवरून ओरडत, "वाढव, अजून वाढव!" माझा काटा शेवटच्या आकड्याला टेकला की ते खूश होत. लोखंड होते ते; त्याला काही दुखत नव्हते. सात वर्षे मी एवढेच शिकलो, की जोर म्हणजेच काम.

पुढे तिथे विजेवर चालणारे नवे यंत्र आले. मला मागच्या बाजूला फाटक्या टायरांशेजारी ढकलून दिले. दोन वर्षे माझ्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही. तोटीत एका कुंभारमाशीने मातीचे घर केले. सुरुवातीला मला राग येई. नंतर तिची सोबत वाटू लागली.

मला तिथून बाहेर काढले ते गनी होडेकरने. गनी रत्नागिरीतल्याच खाडीकाठच्या राजिवड्याचा. पाच वर्षे तो बहारीनला होता. तिथल्या बंदरात लाकडी गलबतांचे डेक धुण्याच्या कामावर होता तो. डेक म्हणजे बोटीची वरची फळ्यांची जमीन. खलाशी तिच्यावरच उभे राहतात, जाळी ओढतात, जेवतात आणि झोपतातही. उन्हाने, माशांच्या रक्ताने, शेवाळाने ती जमीन करडी आणि निसरडी होते. ती साफ करून पुन्हा नीट करण्याची विद्या गनी तिथे शिकला. परत येण्याचे कारण विचारले तर तो हसून सांगे, "अजराचं पत्र आलं. लिवलं होतं, घड्याळं आनि कापडं खूप झाली, आता मानूस पाठवा." अजरा म्हणजे त्याची बायको.

१९८३च्या अखेरीस गनीने मला हातगाडीवर घालून राजिवड्याला आणले. माझे वॉशर बदलले, दट्टे घासले, एका लहान डिझेल इंजिनाशी पट्ट्याने माझी जोडी जमवली. भाट्याच्या खाडीवर तो माझी गाडी घेऊन उभा राहिला, तेव्हा जेटीवरची माणसे गालात हसली. लाँच धुवायला यंत्र? बादली आणि खराटा काय मेला?

पहिली लाँच त्याच्या चुलतभावाची, जमालची. ती आठवली की आजही मला लाज वाटते. गनीने बहारीनला धुतलेली गलबते जाडजूड फळ्यांची होती. जमालची लाँच जुनी, तिच्या फळ्या झिजून पातळ झालेल्या. आणि मी तर सात वर्षे ट्रक धुतलेला! काटा वर चढला, तोटीतून पाणी सुटले, आणि पहिल्याच फळीवर नखभर खोल चर पडला. गनी चपापला. त्याने तोटी फिरवली, तर आडव्या मारात दोन फळ्यांची सालटीच निघाली. लाकडाची कुसळे साळिंदरासारखी उभी राहिली.

जमाल धावत आला. "अरे, डेक धुतोस का नांगरतोस?"

गनीने इंजीन बंद केले. सबब सांगितली नाही. पुढचे सहा दिवस तो गुडघ्यांवर बसून ते डेक काचकागदाने हाताने घासत होता. मी हातगाडीवर नुसता बघत होतो. सातव्या दिवशी बाबू सुतार तिकडून चालले होते. सत्तरीचे गृहस्थ, खाडीवरच्या निम्म्या लाँचा त्यांच्या हातच्या. ते थांबले आणि गनीच्या शेजारी उकिडवे बसले.

"गन्या, ह्यो काय ट्रक हाय? लाकडाला अंग असता. त्याच्या शिरा बघ, कुठना कुठं जातात. मांजराच्या पाठीवरना हात फिरवतोस ना, तसा पानी फिरव. उलटा गेलास की ता बोचकारनार."

"चुकलं, बाबूकाका."

"चुकला ता दिसताच हाय. आनि एक ध्यानात ठेव. डेकला विहिरीचा गोडा पानी लावू नको. गोड्या पान्यान लाकूड कुजता. खाऱ्यान टिकता."

त्या दिवसापासून आम्ही दोघे नव्याने शिकलो. गनीने माझा दाबाचा स्क्रू सैल केला. काटा तबकडीच्या पाव भागापुढे जाऊ द्यायचा नाही, तोटी फळीपासून दोन विती दूर धरायची, आणि पाणी शिरेच्या दिशेने, पंख्यासारखे पसरून सोडायचे. मला ते जड गेले. अंगात जोर असताना तो आवरून धरणे हे जोर लावण्यापेक्षा कठीण असते, मित्रांनो. पण हळूहळू जमले.

बाबूकाकांच्या दुसऱ्या सांगण्याचा परिणाम मात्र माझ्यावर झाला. लाकूड टिकावे म्हणून मी खाडीचे खारे पाणी पिऊ लागलो, आणि खारे पाणी लोखंडाला खाते. त्यावर उपाय अजराने काढला. रोज काम संपवून गाडी अंगणात आली की ती विहिरीचे दोन हंडे माझ्या तोंडाशी लावी. गनी इंजीन फिरवी आणि ते गोडे पाणी माझ्या पोटातून खळखळून बाहेर जाई. मग ती चिंधीने मला पुसून तेलाचे चार थेंब सोडी. शेजारणी विचारत, "अजरा, हे काय?" ती म्हणे, "दर्यावरनं आलेल्या मानसाला आपन आंगोळीचं पानी काढतो ना?" एकदाही तिने हे काम उद्यावर टाकले नाही.

हळूहळू लोक बोलावू लागले. धुतलेल्या डेकवर पाय घसरत नाही, हे खलाशांना आपोआप कळले. दुसऱ्या वर्षी तर जमालने स्वतः येऊन सांगितले, "माझी परत धुवून दे. पन मी बाजूला उभा ऱ्हानार."

आता मी तुम्हाला 'तुळसाई'ची गोष्ट सांगतो. माझ्या सगळ्या आयुष्यात मला तीच लाँच सर्वांत प्रिय.

'तुळसाई' लवू तांडेलांची. लाँचेचा मुख्य असतो तो तांडेल. लवू तांडेल १९८३च्या उन्हाळ्यात काविळीने गेले. त्यांच्यामागे त्यांची बायको दमयंती आणि धाकटा भाऊ सदू. पावसाळ्याच्या तोंडी सगळे आपापल्या लाँचा किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात, घर शाकारावे तशा. 'तुळसाई' त्या वर्षी कुणी शाकारली नाही. पुढच्या वर्षीही नाही. दोन पावसाळे ती उघड्यावर भिजली आणि मधले ऊन तिने सोसले. डेक राखेसारखे करडे पडले, मध्ये हिरवे-काळे शेवाळ माजले. एकदा सदू तिच्यावर चढला, तर एक फळी मोडून त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. हाड मोडले. पाय जुळला, पण तेव्हापासून तो लंगडत चालतो. घरी येऊन त्याने सांगितले, लाँच मोडीत काढायची. इंजीन एकाला, लाकूड दुसऱ्याला.

आश्विनातल्या एका सकाळी दमयंती गनीच्या अंगणात आली. मी तिथेच पडवीला उभा होतो.

"गनीभावजी, सोमवारी मानसा येनार हायत, लाँच मोडायला. त्याच्या आदी ती धुवून द्याल?"

गनीला समजेना. "वैनी, मोडायचीच हाय, तर धुवायची कशाला?"

दमयंतीने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. मग म्हणाली, "जानाऱ्या मानसाला पन आंगोळ घालतात ना? बारा वर्सा ती आमच्या घरासाठी राबली. तिला अशी काळी, शेवाळलेली कशी धाडू?"

गनीने मान खाली घातली. अजरा दारात उभी होती. तीच म्हणाली, "उद्या भरती कधी हाय?"

शनिवारी सकाळी भरतीचे पाणी किनाऱ्याला लागले आणि पाणी ओढणारी माझी सोंड खाडीत सुटली. 'तुळसाई' एका कुशीवर कलंडून पडली होती. नाव पुसट झालेले, कडेला कावळ्यांची शिट. गनीने आधी काथ्याच्या ब्रशने शेवाळ ओले करून सैल केले. मग त्याने माझा स्क्रू इतका सैल केला की पट्टा फिरत असूनही मी काम करतोय असे मला वाटेना. जमालच्या लाँचेवरचा चर त्यालाही आठवला असणार.

पाणी मागच्या टोकापासून पुढे सरकू लागले. फळ्यांवरून राखेच्या रंगाचा ओघळ वाहिला. एक वीत, दोन विती, हातभर. गनीने तोटी वर केली आणि तो वाकून बघू लागला.

राखेखालून लाकूड वर आले होते. भाजलेल्या काजूगराच्या रंगाचे, ओले, चमकणारे. त्याच्या शिरा सरळ, एकमेकींना धरून.

"या अल्ला," गनी पुटपुटला. "हा तर साग हाय."

भरती ओसरेपर्यंत आम्ही थांबलो नाही. कुठे पाणी लागताच फळीचा भुगा निघे. ती जागा गनी खडूने खुणावी. बाकी ठिकाणी पाणी घसरून जाई आणि साग तसाच्या तसा राही. दमयंती किनाऱ्यावर बसून बघत होती. दुपारी ती घरी गेली आणि चिंचेचा कोळ घेऊन आली. खिळ्यांभोवती काळे डाग राहिले होते. तांब्याचा हंडा घासावा तशी ती एकेक डाग चिंचेने घासू लागली. तिला वाटत होते, ती निरोपाची आंघोळ घालते आहे. गनी तिला काही बोलला नाही. खोटी आशा दाखवावी असा तो माणूस नव्हता. उरलेला भाग रविवारी धुऊन झाला, तेव्हा तो सरळ बाबू सुतारांकडे गेला.

संध्याकाळच्या उन्हात बाबूकाका पटाशी आणि हातोडी घेऊन डेकवर चढले. सदूही आला. त्याचा चेहरा त्रासलेला होता.

"ह्यो काय नवा खेळ?" तो म्हणाला. "उद्या मानसा येतायत. धुतली म्हनून लाँच नवी होनार हाय?"

बाबूकाका फळीमागून फळी ठोकत गेले. ठण्. ठण्. ठण्. मग एका जागी भद्द. तिथे त्यांनी पटाशी टोचली, ती आत रुतली. पुन्हा ठण्. मग ते उतरून लाँचेच्या पोटाकडे गेले, डांबराखालचे लाकूड त्यांनी तासून पाहिले, वास घेतला. वर आल्यावर ते सदूला म्हणाले, "अकरा फळ्या मेल्यात. बाकीचा सगळा साग जिता हाय. खालचा अंगपन घट्ट हाय."

"आनि माजा पाय गेला तो?"

"हिकडं ये. ही बघ, तुजा पाय गेला ती. ही सागाची नायच. घाईत कुनीतरी आंब्याची फळी मारलीन. करड्या रंगाखाली सगळ्या सारख्याच दिसत व्हत्या, म्हनून तुला कळला नाय."

सदू त्या भोकाशी वाकला. मग तो चिडूनच बोलला. "बाबूकाका, मला काय लाँच मोडायची हौस हाय? दादाची हाय ती. पन उद्या भर दर्यात फळी गेली, तर चार खलाशांच्या घरी जाऊन मी काय सांगू? ह्यो असा पाय दाखवू?"

मित्रांनो, तोवर मला सदूचा राग होता. त्या क्षणी तो गेला. तो लाँचेच्या वाईटावर नव्हता; त्याला माणसांची भीती वाटत होती.

बाबूकाका शांतपणे म्हणाले, "अकरा फळ्या मी घालीन. माज्या हातानं. मग पयला पाय तू ठेव."

सदू धुतलेल्या फळ्यांवरून पुढच्या टोकापर्यंत चालत गेला. मधोमध थांबून त्याने अंगाचा सगळा भार दुखऱ्या पायावर टाकला. फळी करकरलीसुद्धा नाही. तो मागे वळला.

"वैनी, त्या मानसांना सांगून येतो. येऊ नका म्हनून."

दमयंती खिळ्याशेजारचा डाग घासत होती. तो डाग मघाच निघाला होता. तरी ती मान खाली घालून घासतच राहिली.

पुढचा दीड महिना 'तुळसाई'पाशी माणसांची वर्दळ होती. आधी आठ दिवस झापांच्या सावलीत लाकूड वाळू दिले. कडक उन्हात वाळवले असते तर फळ्या तडकल्या असत्या. बाबूकाकांनी अकरा फळ्या बदलल्या. दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासला, त्यावर राळ ओतली. गनीने सगळे डेक काचकागदाने घासले. मग काजूच्या टरफलांचे तेल दोन वेळा पाजले. जमालने न बोलावता येऊन लाँचेच्या अंगाला रंग दिला. माझे काम पहिल्या दोन दिवसांतच संपले होते, पण गनी मला रोज तिथे घेऊन जाई. का, ते त्याला ठाऊक. मला मात्र बरे वाटे.

मार्गशीर्षात एका सकाळी 'तुळसाई' पाण्यात उतरली. सदू तिचा तांडेल झाला होता. ठरल्याप्रमाणे पहिला पाय त्याने ठेवला आणि मग हात देऊन दमयंतीला वर घेतले. चपला किनाऱ्यावर काढून ती अनवाणी डेकवर उभी राहिली. खाडीच्या लाटेने लाँच हलली. सगळ्यांना वाटले, आता हिला रडू फुटेल. तिने पायाचा अंगठा फळीवर हळूच घासून पाहिला आणि खाली उभ्या असलेल्या गनीला ओरडून सांगितले, "गनीभावजी, घसरत नाय हो!"

किनाऱ्यावर हशा पिकला. बाबूकाका तर डोळे पुसत हसत होते.

त्यानंतर मी अनेक डेक धुतले. दाभोळपासून नाटे बंदरापर्यंत मला बोलावणी येत. लोक म्हणत, गनीचा पंप लाकडाला जपतो. हे ऐकून माझे तिन्ही दट्टे फुगून येत, असे म्हटले तर तुम्ही हसाल.

पण माझीही वेळ यायची होती. १९८७ साली गनीला विषमज्वर झाला आणि त्याच सुमारास नाटे बंदरातल्या तीन लाँचांचे काम जमालने पत्करले. तो मला घेऊन गेला. गनीच्या हाताखाली तो आता या कामात चांगला तयार झाला होता. डेक त्याने उत्तम धुतले. फक्त संध्याकाळी मला गोडे पाणी द्यायचे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आठ दिवस खाडीचे पाणी माझ्या पोटात तसेच राहिले. राजिवड्याला परत आलो तेव्हा माझे तिन्ही दट्टे जागच्या जागी गंजून अडकले होते. गनी अंथरुणातून उठून भिंतीला धरत अंगणात आला. त्याने पट्टा हाताने ओढून पाहिला. मी हललो नाही.

जमाल रडवेला झाला. "भाई, मला काय ठाऊक, पंपाला पन गोड्या पान्याची तहान असते?"

गनी त्याच्यावर रागावला नाही. "आता ठाऊक झालं ना?" एवढेच म्हणाला. बरे वाटल्यावर दोघांनी मिळून मला सोडवले. महिनाभर रॉकेल, तेल, काचकागद चालू होता. मी पुन्हा फिरलो, पण आत खड्डे पडलेले राहिले. आणखी दोन वर्षे कसाबसा पाणी ओढत राहिलो. मग गनीने नवा पंप आणला. माझ्या पितळी झडपा अजून चांगल्या होत्या. त्या त्याने काढून नव्यात बसवल्या. त्यामुळे खाडीवर आजही जे पाणी उडते, त्यातले थोडे माझेच आहे असे मी मानतो.

आता मी पडवीत असतो. नवा पंप संध्याकाळी घरी येतो, तेव्हा जमाल स्वतः विहिरीवर जाऊन हंडे भरून आणतो. एक दिवसही चुकत नाही.

मित्रांनो, मला तुमच्याकडून स्वतःसाठी काही नको. पण तुमच्या घरीही खाऱ्यात राबून येणारे कुणी ना कुणी असेल. कुणाची सायकल असेल, कुणाचा बैल, कुणाचे वडील. त्यांना त्याच संध्याकाळी गोडे पाणी द्या. गंज चढताना आवाज करत नाही, आणि तो उद्याची वाटही बघत नाही.